नव्या घराची पारख कोण करणार?

गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया किंवा दसरा यांपैकी एखादा मुहूर्त जवळ आला की वृत्तपत्रांची पाने इमारतींच्या रंगीत चित्रांनी भरून जातात. आमचे पत्रही याला अपवाद नाही, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. त्या चित्रांतील आकाश सदैव निळे असते, भिंती शुभ्र असतात आणि गच्चीवर कधीही पाणी साचलेले नसते. ती चित्रे पाहून नवराबायको रविवारी सकाळी बाहेर पडतात, नमुन्यादाखल सजवून ठेवलेली सदनिका पाहतात, बाल्कनीतून दिसणारी टेकडी पाहतात, स्वयंपाकघराचा ओटा पाहतात आणि पुढील वीस वर्षांच्या पगाराचा मोठा हिस्सा एका स्वाक्षरीने बांधून टाकतात. आयुष्यभराची कमाई ज्या वास्तूत ओतायची, ती वास्तू त्या विषयातील जाणत्या माणसाने एकदा डोळ्यांखालून घालावी, हे मात्र त्यांच्या मनात येत नाही. कारण घर नवे आहे! नव्याला कसली आली आहे तपासणी?

या समजुतीविषयीच आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. जुन्या वाड्यातली किंवा चाळीतली खोली घेताना आपला मध्यमवर्गीय माणूस सावध असतो. तो भिंतीला हात लावून ओल पाहतो, तुळईला वाळवी लागली आहे का हे बोटाने उकरून पाहतो, शेजाऱ्याला पाण्याची वेळ विचारतो. तोच माणूस नव्या इमारतीत शिरला की ताज्या रंगाच्या वासाने भारून जातो आणि त्याची चौकसबुद्धी पायताणांबरोबर दाराबाहेर राहते. जुन्या घराचे दोष उघड्यावर असतात. नव्या घराचे दोष गिलाव्याखाली, लादीखाली आणि रंगाखाली दडलेले असतात. म्हणजे खरे पाहता जाणत्या माणसाची गरज दुसऱ्या ठिकाणीच अधिक आहे.

या भ्रमाला कायद्यानेही नकळत हातभार लावला आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३-ब इमारतीच्या संरचनेची तपासणी मागते, पण ती इमारत तीस वर्षांची झाल्यानंतर. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी ही तपासणी करावयास सांगतात. जुन्या इमारतींसाठी हे योग्यच आहे. पण यातून सामान्य माणसाने काढलेला अर्थ असा, की पहिली पंधरा वर्षे इमारतीला काही होत नसते.

काय होते ते महाडने दाखवून दिले. २४ ऑगस्ट २०२० च्या सायंकाळी तेथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी जिवंत निघाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आले. त्या इमारतीचे वय दहा वर्षांच्या पुढे गेलेले नव्हते. तिच्या रहिवाशांपैकी कोणी स्वतःस धोकादायक इमारतीतला रहिवासी समजत नव्हते; तशा यादीत तिचे नाव येण्यास अजून दोन दशके अवकाश होता. गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टात नव्हे काय, विरारमध्ये जी चार मजली इमारत पडून १७ जण गेले, तीही २०१२ च्या सुमाराची, म्हणजे इमारतींच्या हिशेबात पोरवयाचीच होती.

या गरिबांच्या किंवा अनधिकृत इमारती होत्या, आमचे संकुल तसे नाही, असे कोणी वाचक म्हणेल. त्याने गुरुग्रामकडे पाहावे. तेथील चिंटेल्स पॅराडाइसो या उच्चभ्रू संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी एकाखालोखाल एक अशा अनेक मजल्यांच्या दिवाणखान्यांच्या जमिनी खाली आल्या व दोन स्त्रियांचा बळी गेला. पुढे दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण घातक असल्याचे आढळले आणि तो मनोरा पाडण्यावाचून गत्यंतर नाही असा निष्कर्ष निघाला. त्या संकुलाला पोहण्याचा तलाव होता, बगीचा होता, दारावर पहारा होता. खाजगी बिल्डर लोभी असतात म्हणून असे घडते, असेही समाधान करून घेता येत नाही. दिल्लीच्या मुखर्जीनगरातील सिग्नेचर व्ह्यू ही ३३६ सदनिकांची वसाहत खुद्द दिल्ली विकास प्राधिकरणाने २००७ ते २०१० या काळात बांधली. ती राहण्यास अयोग्य ठरली आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयास ती रिकामी करून पाडण्याचा मार्ग मोकळा करावा लागला. सरकारी शिक्क्याने काँक्रीट मजबूत होत नाही. आणि पुणेकरांस तर हे निराळे सांगावयास नकोच; १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेतचे धरण काही जुने नव्हते. बांधकाम पुरते होण्याआधीच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले होते.

नवी वास्तू का ढासळते, हे समजून घेण्यास इंजिनीअर असण्याची आवश्यकता नाही. काँक्रीट हा दगडासारखा निसर्गाने तयार करून ठेवलेला पदार्थ नव्हे; तो जागेवर शिजवावा लागतो आणि शिजविणाऱ्याची घाई त्यात कायमची मुरते. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे प्रमाण ठरलेले असते. पाणी थोडे अधिक घातले की मिश्रण सैल होते, सळयांमधून भराभर वाहते, मजुरांचे काम हलके होते; पण तेच जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. ओतल्यावर काँक्रीट नीट दाबले गेले नाही तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी राहते. साचा काढला की ती दिसते, आणि एखादा मुकादम त्यावर तासाभरात गिलावा फिरवून ती अदृश्य करतो. त्यानंतर पाणी मारण्याचा प्रश्न. भारतीय मानक आयएस ४५६ सांगते, की साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचे किमान १० दिवस सतत ओले राहिले पाहिजे. ज्या शहरात राहत्या माणसांस टँकरने पाणी येते, त्या शहरात एप्रिल-मे महिन्यात चौदाव्या मजल्याचा स्लॅब दहा दिवस कोणी ओला ठेवला असेल, हे वाचकांनी आपल्या मनास विचारून पाहावे.

सळईची गोष्ट तर याहून गंभीर आहे. सळई काँक्रीटच्या आत ठराविक खोलीवर असली पाहिजे; खांबात साधारण ४० मिलिमीटर काँक्रीट तिच्या अंगावर हवे. सळई साच्याला चिकटली आणि हे आवरण बोटभरही उरले नाही, तर हवा आणि ओल तिच्यापर्यंत लवकर पोहोचतात. ती गंजते, गंजताना फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते. वाळूतून किंवा पाण्यातून मीठ आत गेले असेल तर हाच व्यवहार कितीतरी वेगाने होतो. गुरुग्रामला जे घडले त्याच्या मुळाशी हेच क्षार होते. समुद्राकाठच्या आपल्या मुंबई, वसई, पनवेल या परिसरात या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे म्हणजे घरात विस्तव पसरून झोपणे होय. रंग दिल्यावर यातले काहीही खरेदीदाराच्या डोळ्यांस दिसत नाही. पण भिंतीवर साध्या उपकरणाने ठोकून काँक्रीटचा कठीणपणा अजमावता येतो, ध्वनिलहरी सोडून आतील पोकळी ओळखता येते आणि सळई किती खोल आहे तेही भिंत न फोडता कळते. ही साधने आज आपल्या मोठ्या शहरांतून उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग मात्र बहुधा इमारत म्हातारी झाल्यावर केला जातो.

गाड्या ठेवण्यासाठी तळमजला मोकळा सोडून वरचे मजले भिंतींनी भरण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. वर जड, खाली पोकळ, अशा इमारतीचे खांब त्या दृष्टीने मुद्दाम बळकट केलेले नसतील तर भूकंपात त्यांचे काय होते, हे २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत दिसले. भूकंपाचे केंद्र दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, कच्छमध्ये होते. पण अहमदाबादेतील अनेक बहुमजली इमारती खाली बसल्या, आणि त्यांतल्या कित्येक अलीकडच्याच होत्या. त्याच शहरातील पोळांमधली जुनी लाकडी घरे बव्हंशी उभी राहिली, ही गोष्ट नव्याच्या भक्तांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे, मग आणखी तपासणी कशाला? भोगवटा प्रमाणपत्राचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. त्याविना कोणी घराचा ताबा घेऊ नये, असेच आमचे सांगणे आहे. परंतु ते प्रमाणपत्र काय सांगते? इमारत मंजूर नकाशाप्रमाणे उभी आहे, अग्निशमन आणि उद्वाहक यांची संमती मिळाली आहे, जबाबदार तज्ज्ञांनी बांधकाम पूर्ण झाल्याचे लिहून दिले आहे. तुमच्या न्हाणीघराचा उतार मोरीकडे आहे की दाराकडे, हे पाहण्यास महापालिकेचा कोणी अधिकारी येत नाही. येणे शक्यही नाही. इमारतीच्या मजबुतीचा दाखला देणारा इंजिनीअर आणि काम पूर्ण झाल्याचे लिहून देणारा वास्तुविशारद या दोघांची नेमणूक बिल्डरने केलेली असते, आणि त्यांचे शुल्कही तोच देतो. या व्यवसायांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, हे आम्ही जाणतो. पण परीक्षार्थ्यानेच परीक्षकाचे वेतन द्यावे, ही व्यवस्था अन्य कोणत्याही क्षेत्रात आपण चालवून घेतली नसती. बँकेचा माणूस येऊन गेला, त्याअर्थी सर्व ठीक असले पाहिजे, असेही अनेकांस वाटते. बँकेचा माणूस किंमत पाहावयास येतो. कर्ज बुडाल्यास घर विकून किती रक्कम हाती येईल, एवढीच त्याची जिज्ञासा असते.

कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने कागदावरच्या विश्वासाची उरलीसुरली लाजही झाकली नाही. महापालिकेच्या बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे सादर करून त्या इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळविण्यात आली. लोकांनी तो क्रमांक पाहिला आणि निर्धास्तपणे घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता अशी हजारो माणसे रस्त्यावर येण्याच्या भीतीने ग्रासली गेली. नोंदणी क्रमांक खरा होता. त्यामागील परवानगी खोटी होती. मूळ कचेरीत जाऊन परवानगीची खातरजमा करणारा एक स्वतंत्र जाणता माणूस प्रत्येक खरेदीदाराने आधी गाठला असता, तर कित्येक कुटुंबे या संकटातून वाचली असती.

आपल्या समाजाची या बाबतीतली तऱ्हा मोठी मौजेची आहे. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेण्यास आपण वकिलाला आनंदाने पैसे देतो. वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजींकडून काढून घेतो. स्वयंपाकघर आग्नेयेस आहे की नाही हे पाहण्यास वास्तुशास्त्री बोलावतो आणि त्याच्या सांगण्यावरून चांगली भिंतही पाडतो. त्या सर्वांस दिलेल्या दक्षिणेत एका पदवीधर सिव्हिल इंजिनीअरचे अर्ध्या दिवसाचे शुल्क सहज बसले असते. परंतु लाख-दोन लाखांच्या मुद्रांकाविषयी कुरकुर न करणारा गृहस्थ या काही हजारांच्या खर्चाला ‘फुकटचा भुर्दंड’ म्हणतो!

हा इंजिनीअर येऊन करतो तरी काय? तो लाकडी दांडक्याने गिलावा आणि लादी ठोकून आवाजावरून पोकळ जागा शोधतो. न्हाणीघराची जमीन बंद करून एक-दोन दिवस पाणी कोंडून ठेवतो आणि खालच्या मजल्याचे छत पाहतो. खिडकीच्या उंबऱ्याचा उतार बाहेर आहे की आत, विजेला जमिनीशी नीट जोड दिला आहे काय, करारात लिहिलेले चटईक्षेत्र प्रत्यक्षात फीत लावल्यावर भरते काय, हे पाहतो. भिंतीवरील कोणती भेग रंगाची आहे, कोणती विटा आणि तुळई यांच्या सांध्यातली आहे आणि कोणती तुळईचीच आहे, हे तो ओळखतो. आणि हाच भेद सामान्य माणसाला कळत नाही. तो पहिल्या भेगेला घाबरतो आणि तिसरीकडे दुर्लक्ष करतो. शक्य असेल तर हा इंजिनीअर गच्ची, तळघर आणि पाण्याच्या टाक्याही पाहतो, कारण विकत घेतलेल्या चार भिंती त्यांच्याच आधाराने उभ्या असतात. अर्थात तपासणी म्हणजे अमरत्वाचा दाखला नव्हे. पायात किती खोलवर दगड लागला हे कोणी वरून सांगू शकत नाही, आणि वैशाखात पाहिलेले घर आषाढातच पुरते कळते. म्हणूनच ज्यांस शक्य असेल त्यांनी पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तपासणी करून घ्यावी.

कायद्याने खरेदीदाराला यासाठी मोठे हत्यार दिले आहे. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमात दोषांबद्दल बिल्डरला तीन वर्षे जबाबदार धरले होते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) ने ही मुदत ताब्यापासून पाच वर्षे केली. संरचनेतील दोष असो वा कारागिरीतील, तो कळविल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करावा, न केल्यास भरपाई द्यावी, असे हे कलम म्हणते. मग ज्यांच्या घरांत तिसऱ्याच वर्षी ओल येते ती माणसे बिल्डरच्या कचेरीत खेटे का घालीत असतात? त्याचे कारण ताब्याच्या दिवशी घडून गेलेले असते. किल्ली हाती घेण्याच्या आनंदात ज्या कागदावर सही केली जाते, त्यात ‘मी सदनिकेची पाहणी केली असून माझे पूर्ण समाधान झाले आहे’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा असतेच. त्यानंतर सुतार येतो, न्हाणीघराची लादी बदलली जाते, एखादी भिंत हलते. गळती सुरू झाली की बिल्डर त्या कामाकडे बोट दाखवितो. खरेदीदाराने परस्पर फेरफार केल्यास दोषाची जबाबदारी संपुष्टात येईल, अशी अट अनेक करारनाम्यांत असते, हे कित्येकांस तेव्हाच प्रथम कळते. ताब्याच्या वेळची घराची अवस्था सांगणारा, छायाचित्रांसह तारीख घातलेला, तिऱ्हाईत इंजिनीअरचा अहवाल हाती असेल, तर हा वाद पुष्कळ अंशी तेथेच मिटतो. अहवालाविना मात्र एका बाजूस कंपनीचे वकील आणि दुसऱ्या बाजूस आपली आठवण, असा हा सामना होतो.

पाच-सात वर्षे वापरलेले घर दुसऱ्याकडून घेणाऱ्याची स्थिती याहूनही अवघड आहे. घर ‘जवळजवळ नवेच’ म्हणून विकले जाते. पण पाच वर्षांची मुदत एक तर संपलेली असते किंवा संपत आलेली असते. विकणाऱ्याने छताच्या कोपऱ्यातील डाग झाकण्यासाठी नुकताच रंग दिलेला असतो. संस्थेच्या सभांची इतिवृत्ते चाळली तर त्या डागाचा इतिहास कळतो. ती पाहावयास मागणारे खरेदीदार शंभरात किती निघतील?

बिल्डर तपासणी करू देत नाही, ही तक्रार खरी आहे. काही जण ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव’ बाहेरच्या माणसाला आत सोडीत नाहीत. काही जण आधी उरलेली रक्कम भरा, मग किल्ली घ्या, मग हवे तितके इंजिनीअर आणा, असे सांगतात. येथेच खरी मेख आहे. महाराष्ट्राच्या नियमांतील नमुना करारानुसार किंमतीचा अखेरचा हप्ता, बहुधा पाच टक्क्यांचा, ताब्याच्या वेळी द्यावयाचा असतो. पंच्याण्णव टक्के रक्कम देऊन बसलेल्या माणसाच्या हाती उरलेली ती एकमेव दोरी असते, आणि तीच घर पाहण्यापूर्वी त्याच्या हातून काढून घेतली जाते. भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घेण्यास कायदा खरेदीदाराला दोन महिने देतो. या दोन महिन्यांत तपासणी, दोषांची यादी आणि दुरुस्ती हे सारे उरकता येण्यासारखे आहे. आपले काम चोख असल्याची ज्या बिल्डरला खात्री आहे, त्याने तर अशा तपासणीचे स्वागतच करावयास हवे. आणि आज काहीजण ते करतातही.

एकेकट्या खरेदीदाराने हा आग्रह धरला तर त्याला विक्षिप्त ठरविले जाते. म्हणून एकाच इमारतीत घरे घेणाऱ्यांनी ताब्यापूर्वीच एकत्र यावे आणि वर्गणी काढून एक इंजिनीअर नेमावा. दर घरामागे खर्चही नाममात्र येईल, आणि तळघर, गच्ची व खांब यांची पाहणी करावयाची तर ती अशीच होऊ शकते. पण नागरिकांच्या आग्रहावर सर्व भार टाकून शासनाने मोकळे होता कामा नये. आमची मागणी साधी आहे. नमुना करारात एक कलम घालावे: भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर खरेदीदारास आपल्या पसंतीच्या पात्र इंजिनीअरकडून सदनिकेची आणि सामाईक भागांची तपासणी करून घेण्याचा हक्क राहील, त्याचा लेखी अहवाल ताबापत्रास जोडला जाईल, आणि त्यातील दोष दूर होईपर्यंत अखेरचा हप्ता मागता येणार नाही. त्यासाठी संसदेपुढे जावयास नको. हा नमुना राज्याच्या स्वतःच्या नियमांचा भाग आहे आणि तो बदलणे मंत्रालयाच्या हाती आहे. गृहनिर्माणमंत्र्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी हे कलम मसुद्याच्या रूपाने लोकांपुढे ठेवावे.